गाठीच्या लाकडाची कातीव परात

पावसाळ्यात उन्मळून पडलेल्या झाडांची फोड गगनबावड्याच्या बाजूस दिवाळीनंतर सुरू होते. सरळ ओंडके करवतीसाठी निराळे निघतात, फांद्यांचे जळण होते, आणि शेवटी परड्याच्या कोपऱ्यात एक वस्तू उरते. घमेल्याएवढी किंवा त्याहूनही मोठी, वरून खडबडीत, देवीच्या व्रणांसारखे फोड अंगावर असलेली अशी ती लाकडाची गाठ होय. कुऱ्हाड तिच्यावरून दोन-चार वेळा उडते, पाचर मारली तर पाचरच रुतून बसते, आणि मग घरधनी कंटाळून तिला तशीच टाकून देतो. पुढे एखाद्या आषाढात कोरडे जळण संपले म्हणजे ती पाणी तापविण्याच्या चुलीखाली सारली जाते व दोन दोन दिवस धुमसत राहते.

ह्याच गाठीतून दीड-दोन फूट व्यासाची परात कातून काढता येते, तिचा काठ झाडाच्या अंगावर जसा वाढला तसाच राखता येतो, आणि अशा परातीस शहरात जे मोल येते ते जळणाच्या मोलाशी ताडून पाहण्याजोगे नसते, हे आम्ही प्रथम ऐकले तेव्हा आमचा विश्वास बसला नाही. गेली तीन वर्षे आम्ही ह्या कामाच्या मागे आहोत. एक गाठ आम्ही आमच्या उतावीळपणाने फुकट घालविली, एक परात तडीस नेली, व तिसरी अद्याप माळ्यावर वाळत आहे. ह्या अनुभवातून जे हाती लागले ते सभासदांपुढे ठेवावे असा विचार होताच. परंतु गेल्या हिवाळ्यात एक लाकडाचा व्यापारी आमच्या भागात येऊन उभ्या झाडांवरील गाठींची चौकशी करून गेला, तेव्हापासून हा मजकूर लिहिणे लांबणीवर टाकता येणार नाही असे आम्हांस वाटू लागले.

प्रथम गाठ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण गाठ ह्या एकाच शब्दाखाली आपण तीन-चार निरनिराळ्या वस्तू मोडतो. फांदी मरून तिच्या बुडाभोवती खोडाने जी वळी धरलेली असते ती एक गाठ. तिच्या पोटात बहुधा कुजका खुंट किंवा ढोली निघते आणि ती ह्या कामाची नव्हे. गुलाब, द्राक्ष वगैरेंच्या रोपांच्या मानेशी जो मऊ, भुसभुशीत गोळा येतो तो जंतुजन्य रोग असून तोही निराळा. आपणांस हवी ती गाठ खोडाच्या अंगावर वर्षानुवर्षे सावकाश फुगत जाते. इजा, कीड, बुरशी अशा एखाद्या कारणाने झाडाच्या वाढीच्या थरास त्या जागी चाळवले जाते. तेथे असंख्य सुप्त डोळे धरतात, परंतु त्यांतून फांद्या फुटत नाहीत. प्रत्येक डोळ्याभोवती लाकूड वळसा घालून वाढते, त्या वळशांवर पुढच्या वर्षीचा थर बसतो, आणि असे होता होता लाकडाचा तंतू सरळ न राहता चहूदिशांनी पिळवटून जातो. म्हणूनच ती कुऱ्हाडीने फुटत नाही. सरळ तंतूचे लाकूड तंतूच्या बाजूने चिरते. येथे चिरण्यास एक अशी बाजूच नसते. कातारी ज्यासाठी ह्या लाकडास जपतो ते हेच. सरळ फळीची मोठी परात वाळताना एका अंगाने अधिक आकसते व लांबट होते किंवा तडकते. गाठीची परात सगळीकडून जवळजवळ सारखी आकसते. तिच्या पृष्ठावर बारीक सुरकुती येते एवढेच.

जगात हे ज्ञान नवे नाही. उत्तरेकडील फिनलंड व लॅपलंडमधील लोक बर्च झाडाच्या गाठीचा पेला कोरून तो प्रवासात कमरेस बाळगीत. अमेरिकेच्या पूर्वेकडील अरण्यांतील मूळ रहिवासी गाठी आगीने जाळीत व खरडीत खोल करून त्यांची पात्रे बनवीत. यंत्रावर कातून, निसर्गसिद्ध काठ राखून, मोठी पात्रे करण्याची आवड मात्र अलीकडची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील मेल लिंडक्विस्ट व त्यांचे पुत्र मार्क ह्यांनी तिला विशेष नावारूपास आणले. त्यापूर्वीचे बरेच कातारी असल्या लाकडास दोष समजून टाळीत. आमच्याकडील गृहस्थ तिला परड्यात टाकतो, तेव्हा तो काही अडाणीपणा करतो असे समजण्याचे कारण नाही.

आपल्याकडे मोठ्या लाकडी पात्राची परंपरा आहे ती काठवटीची. नाचणीचे किंवा जोंधळ्याचे पीठ मळण्याची काठवट आमच्या लहानपणी घरोघर होती. जाड फळीतून सुतार वाकसाने ती खोदून काढी, आणि तिच्या पोटावर वाकसाचे घाव भाकरीच्या पिठाने गुळगुळीत होईतो दिसत. काठवट कातीत नसत, ह्याचे कारण यंत्रात आहे. जुन्या पद्धतीत कातावयाच्या लाकडाभोवती दोरीचा वेढा देऊन एक माणूस ती दोरी दोन्ही हातांनी पुढेमागे ओढीत असे. लाकूड एकदा सुलट व एकदा उलट फिरे, आणि कातारी केवळ सुलट फेऱ्यात हत्यार लावी. पाळण्याचे खांब, लाटणी, भोवरे, खेळणी ह्यांस एवढे बळ पुरते. दहा-बारा किलोंचे बेडौल लाकूड त्या दोरीने फिरविणे कोणाच्याही ताकदीबाहेरचे होते.

करूळ घाट उतरून वैभववाडीवरून दक्षिणेस गेले म्हणजे सावंतवाडी लागते. तेथील चितार आळीतील रंगीत लाकडी फळे, खेळणी व पोळपाट-लाटणी सर्वश्रुत आहेत. ते काम हलक्या, मऊ व सरळ लाकडाचे. पांगाऱ्यासारखे लाकूड त्यास चालते. आम्ही आमची पहिली गाठ घेऊन त्या बाजूच्या एका वृद्ध कातारी गृहस्थांकडे गेलो. त्यांनी तिच्यावर टिचकी मारली, ती हाताने तोलली, कापलेल्या बाजूस नाक लावून वास घेतला, आणि म्हणाले, "ही अजून झाडावरच आहे असे समजा. हिला दोन पावसाळे दाखवा, मग या." आम्ही दोन पावसाळे थांबलो नाही. फाल्गुनात कापलेली ती जांभळीची गाठ चैत्रात यंत्रावर चढविली, एका दिवसात पातळ कातून पुरी केली, आणि कौतुकाने ओसरीवर मांडून ठेवली. वैशाखाच्या पहिल्या आठवड्यात एके दुपारी बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. परात काठापासून मध्यापर्यंत बोट जाईल एवढी उलली होती. गाठ चिरत नाही हे खरे. पण ओली, पातळ व उन्हात ठेवलेली गाठही चिरणार नाही असे कोणी सांगितले नव्हते, ते आम्हीच मनाशी धरले होते.

दुसरी गाठ आंब्याची. बांधावरील जुना रायवळ आंबा श्रावणातील वादळात मुळांसकट पडला. त्याच्या बुंध्यावर कंबरेच्या उंचीस ही गाठ होती. गगनबावड्यास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो, माती भिजून लोण्यासारखी होते, व घाटमाथ्यावरचा वारा जुन्या झाडांस उभे राहू देत नाही. त्यामुळे अशी पडझड आमच्याकडे दरसालची, आणि ह्या धंद्यास लागणारा कच्चा माल तेवढ्यातून सहज निघतो. पडलेल्या झाडाचाही पंचनामा आम्ही करून घेतला व मगच करवत लावली. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या यादीत आंबा, फणस, हिरडा, ऐन, किंजळ ही आमच्याकडील नेहमीची झाडे आहेत, मग ती स्वतःच्या मालकीच्या रानात का असेनात. वाहतुकीच्या परवान्याची चौकशीही वनखात्याकडे आधीच करून ठेवावी हे बरे.

गाठ कापताना एक गोष्ट फार महत्त्वाची. ती खोडापासून अगदी पृष्ठाशी कापू नये. खोडाचे चार बोटे लाकूड तिच्यासोबत येऊ द्यावे व नंतर यंत्रापाशी काढून टाकावे. उघड्या पडलेल्या भागास तत्काळ मेण किंवा घट्ट रंग फासावा, नाहीतर पहिल्या आठवड्यातच केसांसारख्या चिरा पडतात व त्या पुढे खोल जातात. मग खोडाच्या पृष्ठाशी समांतर असे दोन काप घेऊन सुमारे १२ सेंटिमीटर जाडीची चकती काढावी. हिच्याभोवती सगळीकडे झाडाची कातडी येते. खोडाकडील बाजू रुंद व बाहेरची बाजू अरुंद असते, म्हणून रुंद बाजू परातीचे तोंड करावी व अरुंद बाजू बूड. काठाचा उतार आपोआप परातीच्या अंगासारखा साधतो. आमची चकती सरासरी ५५ सेंटिमीटर व्यासाची, २८ किलो वजनाची भरली.

सालीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. काठावर साल ठेवण्याचा मोह सर्वांस होतो. परंतु साल व लाकूड ह्यांमधील थर झाड वाढीत असताना कोवळा व ओला असतो. अशा वेळी पडलेल्या झाडाची साल पुढे सुटतेच. पानगळीच्या विश्रांतीत कापलेल्या झाडाची साल टिकते. आमच्या भागातील झाडे पडतात ती ऐन पावसाळ्यात, म्हणजे साल सुटावयास सर्वांत अनुकूल काळात. शिवाय पीठ मळावयाच्या भांड्यास सालीच्या खाचा म्हणजे घाणीचे घर. म्हणून आम्ही ती लाकडी पातीने हळूहळू सोलून काढली. खाली जे निघाले ते पाहून सोलण्याचे श्रम विसरलो. साबुदाण्याएवढे, मक्याच्या दाण्याएवढे टोकदार उंचवटे दाटीने उभे होते. न फुटलेल्या डोळ्यांची ती सगळी वस्ती होती. त्यांस लोखंडी हत्यार लागू देऊ नये. ताठ केसांच्या ब्रशाने स्वच्छ करून तसेच राखावे.

आता यंत्र. कारखान्यात लोखंड कातण्याचा जो लेथ असतो तो ह्या कामास थोड्या फेरफाराने चालतो, पण त्याचा पाळणा एवढ्या व्यासास पुरत नाही. आमच्या ओळखीच्या एका कारागिराने जुन्या लेथचे डोके जड लाकडी चौकटीवर उंच बसवून घेतले होते. लाकूड धरावयाची ओतीव लोखंडाची चकती कोल्हापुरास शिवाजी उद्यमनगरात कातून घेतली, आणि चौकटीच्या पायांशी वाळूची पोती रचली. ही पोती दिसण्यास गावठी असली तरी त्यांच्यावाचून काम नाही. ते का, हे आकड्यांनी पटेल. ६० सेंटिमीटर व्यासाच्या लाकडाचा परीघ सुमारे १८८ सेंटिमीटर भरतो. मिनिटास ३०० फेरे झाले तर काठ ताशी ३४ किलोमीटरांच्या वेगाने धावतो. १००० फेरे झाले तर ताशी ११३ किलोमीटरांनी, म्हणजे कोल्हापूरच्या वाटेवर एस. टी. जितकी कधीच धावत नाही तितक्या वेगाने. आणि गाठ कधीही समतोल नसते. मध्यापासून २५ सेंटिमीटरांवर एक किलो वजन एका अंगास अधिक असले, तर ३०० फेऱ्यांस ते यंत्रास सुमारे २५ किलोंच्या ओढीने हिसके देते. फेरे दुप्पट केले की ओढ दुप्पट न होता चौपट, म्हणजे १०० किलोंची होते. वेग वाढविणे म्हणजे काम लवकर उरकणे, अशी समजूत ज्यांची असेल त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

म्हणून लाकूड चढविण्यापूर्वी त्याचा तोल पाहतात. लोखंडी चकती परातीच्या तोंडाकडील बाजूस जाड स्क्रूंनी पक्की करावी. तो भाग पुढे पोखरून जावयाचा असल्याने भोके उरत नाहीत. मग पट्टा ढिला करून लाकूड सैल फिरू द्यावे. जड बाजू खाली येऊन थांबते. तेवढ्या बाजूचे फाजील लाकूड काढून किंवा चकतीची जागा बोटभर सरकवून पुनः पाहावे, असे ते कोठेही थांबू लागेपर्यंत करावे. आम्हांस ह्यात एक सबंध सकाळ गेली. कातारी लोकांचा एक ठोकताळा आहे. व्यासाचे इंच गुणिले मिनिटाचे फेरे हा गुणाकार सहा ते नऊ हजारांच्या दरम्यान असावा. बावीस इंचांच्या आमच्या गाठीस ह्या हिशेबाने पावणेतीनशे ते चारशे फेरे येतात; पण आरंभी, बेडौलपणा असेतो, आम्ही दोनशेंच्या आतच राहिलो. पहिल्या वेळी कळ दाबताना फिरणाऱ्या लाकडाच्या समोर कोणी उभे राहू नये, बाजूस राहावे. धोतराचा सोगा, उपरणे, सैल बाही, हातातील गंडा, ह्यांतील काहीही अंगावर असू नये. तोंडावर जाड पारदर्शक मुखवटा व नाकावर फडके हवेच. आंबा हा बिब्ब्याच्याच कुळातला आहे; त्याच्या भुश्शाने कित्येकांच्या अंगावर पुरळ येते, आणि आम्ही त्या कित्येकांपैकी निघालो.

प्रथम बूड कातावे. पन्हळीच्या आकाराच्या लांब दांड्याच्या पटाशीने, हत्यार टेकणीवर घट्ट टेकून, मध्यापासून काठाकडे येत लाकूड सोलीत आणले म्हणजे ओल्या आंब्याच्या लांब लांब फिती खांद्यावरून उडतात. ह्या कामाचा खरा आनंद एवढाच भाग होय. काठाजवळ आले की आनंद संपतो. वाटोळ्या वस्तूचा काठ डोळ्यास दिसतो. परंतु येथे काठ वेडावाकडा असल्याने फिरताना त्याची केवळ धुरकट सावली दिसते. हत्यारास एक क्षण लाकूड लागते, दुसऱ्या क्षणी हवा. हवेत असताना हत्यार पुढे ढकलले तर पुढचे टोक येऊन त्यावर आदळते व तुकडा उडतो, किंवा हत्यारच हातातून जाते. त्यावर उपाय एकच. पुढे रेटण्याचा सर्व जोर काढून घ्यावा, टेकणीवरचा दाब कायम ठेवावा, आणि तेथे लाकूड सलग आहे असे समजून हात एकाच गतीने सरकवीत न्यावा. मागे काळे कापड लावून एका बाजूने दिवा धरल्यास ती सावली स्पष्ट दिसते. बोटे टेकणीच्या अलीकडे, सदैव.

बुडास लोखंडी चकती बसेल एवढी बैठक ठेवून परात उलटी धरावी व मग पोट पोखरावे. येथे पहिल्या खेपेस थांबावयाचे असते, आणि थांबणे हेच सर्वांत अवघड. भिंत साडेचार सेंटिमीटर जाड ठेवून आम्ही यंत्र बंद केले. वजन १३ किलो भरले. सर्वांगास मेणाचा हात दिला, गोणपाटात गुंडाळले व स्वयंपाकघरावरील माळ्यावर, चुलीच्या अगदी वर नव्हे तर एका बाजूस, ठेवून दिले. जुने लोक नांगराचे व अवजारांचे लाकूड धुरात ठेवीत, त्यात तथ्य आहे. धुराने भुंगा दूर राहतो. पांढऱ्या लाकडास लागणाऱ्या किडीवर औषधे पुष्कळ आहेत, पण ज्या भांड्यात पीठ मळावयाचे त्यास आम्ही विष लावणार नाही.

वाळण्याची पारख हाताने करू नये, तराजूने करावी. दर महिन्यास वजन करून खडूने बुडावर तारीख व आकडा लिहीत गेल्यास दिसून येते की आरंभी ते झपाट्याने घटते, नंतर सावकाश, आणि आमच्या भागात तर पावसाळ्यात ते उलट वाढते. ह्यात आश्चर्य नाही. घाटमाथ्यावरील आषाढी हवेत लाकूड आपल्या वजनाच्या अठरा-वीस टक्के पाणी धरून बसते. तेच लाकूड देशावरील उन्हाळ्यात सहा-आठ टक्क्यांवर येते. म्हणजे गगनबावड्यास श्रावणात वाळलेली वाटणारी परात सोलापुरास वैशाखात ओलीच ठरेल. आमचा नियम असा बसला आहे की एक पावसाळा उलटल्यावर, पुढच्या उन्हाळ्यात लागोपाठ दोन महिने वजन बदलले नाही, तरच शेवटचे कातकाम करावयाचे. आमची परात साडेआठ किलोंवर येऊन थांबली. तोवर ती किंचित वाकडी झाली होती, पण चीर एकही नव्हती. मग तिला पुनः यंत्रावर धरून भिंत दीड सेंटिमीटरवर आणली. नव्या धारेने, हलक्या हाताने. कारण गाठीत चहूदिशांचा तंतू असल्याने बोथट हत्यार कोठे ना कोठे उलट्या तंतूस उपटतेच. शेवटी ती तीन किलोंच्या आसपास भरली. काठावरचे दाणे शाबूत होते. एक टोक मात्र पहिल्याच दिवशी उडाले होते, ते तसेच आहे.

तेल कोणते द्यावे ह्याविषयी मतभेद ऐकले. करंजेल कडू, खोबरेल व शेंगतेल वाळत नाहीत व पुढे खवट होतात. जवसाचे घाण्याचे कच्चे तेल हवेत वाळून घट्ट होते, ते चांगले. मात्र रंगाच्या दुकानातील शिजविलेले जवसतेल घेऊ नये, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार मिसळलेले असतात. जवसाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून ठेवल्यास त्या आपोआप पेट घेतात, म्हणून त्या पसरून वाळवाव्या. चन्नपट्टणचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून घर्षणाच्या उष्णतेने ती चढवितात. ती झळाळी सुंदर खरी, पण गरम भाकरी ठेवताच लाख मऊ होते. झाडांच्या निवडीतही सावधगिरी हवी. बिब्ब्याच्या गाठीस हात लावू नये, आणि काजऱ्याचे लाकूड, ज्याच्या बियांत प्राणघातक विष असते, अन्नाच्या भांड्यास कदापि वापरू नये.

आता त्या व्यापाऱ्याकडे वळू. त्याचे म्हणणे सरळ होते. झाड उभेच राहील, केवळ गाठ करवतीने काढून देतो, पैसे रोख. ऐकणाऱ्यास वाटते की झाडही राहिले व पैसाही मिळाला. वस्तुतः गाठ काढल्यावर बुंध्यावर परातीएवढी उघडी जखम राहते. झाड ती सालीने भरून काढू पाहते, पण एवढी जखम भरण्यास जी वर्षे लागतात त्यांत आमच्याकडील पाऊस आत शिरतो, बुरशी गाभ्यापर्यंत पोहोचते, आणि ते झाड आतून पोकळ होत कोणत्या तरी वादळात कमरेतून मोडते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील प्रचंड रेडवूड वृक्षांच्या गाठी चोरट्यांनी यांत्रिक करवतींनी कापून नेल्या. तेथील राष्ट्रीय उद्यानात हा उपद्रव इतका वाढला की २०१४ मध्ये उद्यानातून जाणारा एक रस्ता रात्रीचा बंद ठेवावा लागला. तेथे पहारेकरी तरी आहेत. आमच्या बांधांवर कोण आहे?

ह्या बाबतीत बावड्यास दूरचा आधार शोधावा लागत नाही. बावड्याची जहागीर ज्या पंत अमात्यांच्या घराण्याकडे होती, त्या घराण्यातील रामचंद्रपंत अमात्य ह्यांनी इ. स. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विचार आहे. सागादी लाकूड रानातून परवानगीने तोडावे. पण आंबे, फणस ह्यांस, ती आरमाराच्या उपयोगाची असली तरी, हात लावू देऊ नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत व रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊनच न्यावे, असा त्यातील आशय आहे. आरमार बांधणाऱ्या राज्याने जो संयम पाळावयाचा ठरविला तो परात कातणाऱ्या आपणांस जड का वाटावा, हे आम्हांस समजत नाही. आम्ही त्या व्यापाऱ्यास आमच्या बांधावरील उभ्या झाडांस नकार दिला. शेजारच्या दोन वाड्यांत त्यास तीन गाठी मिळाल्या. त्यांतील एक फणस आम्ही पाहून आलो. जखमेवर चुना फासला आहे, आणि चुन्याखालून पाणी पाझरत आहे.

संघाकडून आम्ही फार मागत नाही. एकट्या शेतकऱ्यास असला लेथ परवडणार नाही व वर्षातून एका गाठीसाठी त्याने तो घेऊही नये. पण भातगिरणीच्या आवारात एक यंत्र बसले, पडलेल्या झाडांच्या गाठी तेथे पंचनाम्यासह जमा झाल्या, त्यांचे वजन व तारीख एका वहीत राहिली, आणि गावातील एक-दोन सुतारांनी घाट उतरून जाऊन हात बसवून आणला, तर व्यापाऱ्यास उभे झाड दाखविण्याची वेळ गरजूवर येणार नाही. प्रत्येक परातीच्या बुडावर झाडाचे नाव व ते कोणत्या वर्षी पडले हे कोरावे, अशी आमची सूचना आहे. आमच्या परातीवर तसे कोरले आहे. ती विकली नाही. घरात तिच्यात पीठ मळतात, आणि उडालेल्या टोकाची बाजू कशी कोण जाणे नेहमी मळणारीच्या उजव्या हाताकडे येते.

तिसरी गाठ ऐनाची आहे. माळ्यावर तिला हा दुसरा पावसाळा. ज्येष्ठाच्या आरंभी तिचे वजन अकरा किलो दोनशे ग्रॅम होते, आषाढात ते सव्वाअकरांच्या वर गेले. आता मार्गशीर्षात पुनः तराजूवर घालू.